पडद्यावरच्या माशांना पाणी

तिसगावच्या बाजारतळावर फिरत्या शिणेमाचा, म्हणजे टुरिंग टाकीचा तंबू पडला, की निम्मं गाव संध्याकाळचं जेवण उरकतं घेत असे. मनकर्णा मात्र कधी त्या वाटेला गेली नव्हती. तिला शिणेमाचं वावडं होतं असं नाही. अंधारात बसून परक्यांची भांडणं बघायची, तर घरात नवरा, गहिनीनाथ, होताच, आणि तो फुकट होता.

त्या वर्षी संक्रांतीच्या आधी शेजारच्या छबूबाईनं तिला जवळजवळ ओढतच नेलं. कारण छबूबाईला तिचं तोंड बघवत नव्हतं. मनकर्णाचा एकुलता एक मुलगा, मच्छिंद्र, पलटणीत होता आणि जम्मूकडच्या सरहद्दीवर होता. लढाई संपून महिना होत आला. गावातल्या बाकीच्या शिपायांची पत्रं आली, एकजण तर सुट्टीवर येऊन पेढेही वाटून गेला. मच्छिंद्राचं मात्र काही नाही. तारही नाही. तार नाही हे चांगलं म्हणावं की वाईट, हे मनकर्णाला ठरवता येईना. दुपारी पोस्टमनची सायकल दारावरून पुढे गेली, की तिला एकदा हायसं वाटे आणि लगेच ध्यानात येई, की आजही पत्र नाही. असं रोज चाललं होतं.

"दोन घटका जीव रमंल तुजा. चल," छबूबाई म्हणाली.

जीव रमायचा राहिला बाजूला. मनकर्णा घरी आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं, आणि चुलीपाशी नुसती बसून राहिली.

त्याचं कारण मासे.

त्या काळच्या हिंदी शिणेमात एक रीतच होती. सज्जन माणसाच्या अंगणात तुळस आणि बदमाशाच्या दिवाणखान्यात काचेची पेटी. पेटीत पाणी, पाण्यात रंगीत मासे. बदमाश अंगात रेशमी झगा घालून त्या पेटीपाशी उभा राहायचा, माशांना चिमटीनं दाणे टाकायचा आणि मान न वळवता हाताखालच्या माणसाला म्हणायचा, की अमक्याला उडवून टाक. ज्याच्या घरी मासे दिसले तो चोरटं सोनं आणणारा, हे तिसगावातलं पोरसुद्धा ओळखायचं. मासे बिचारे आपले इकडून तिकडे फिरायचे. त्यांना धन्याचे धंदे कुठले ठाऊक असणार? आणि शेवटी मारामारीत काय फुटायचं, तर तीच पेटी. नायकानं खुर्ची उचलली, की माणसानं समजावं, आता पेटीची वेळ भरली.

त्या दिवशीही तसंच झालं. खुर्ची फेकली गेली, काच खळ्ळकन फुटली, गालिच्यावर पाण्याचा लोंढा आला आणि त्यात लाल-सोनेरी मासे उताणे पडून तडफडायला लागले. तोंडं उघडत, मिटत होती. पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या झाल्या. मनकर्णा तिथल्या तिथे अर्धी उठली आणि ओरडली, "आरं, पानी टाका रं कुनी!"

आख्खा तंबू हसला. छबूबाईनं तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. तेवढ्यात पडद्यावर नायकाचा बूट माशांमधून पुढे गेला, आणि मग मारामारी गच्चीवर गेली. पुढे नायकाची हरवलेली आई सापडली, सोनं सापडलं, बदमाशालाही मरताना चांगलं लांबलचक बोलायला मिळालं. नायक-नायिका बागेत गाणं म्हणू लागले. माशांचं काय झालं, ते मात्र कोणी सांगितलं नाही.

आता हे दुसऱ्या कोणाला सांगितलं तर हसेलच. पण मनकर्णाची गोष्ट वेगळी होती. तिची आधीची मुलं पाळण्यातच गेली होती. मग कोणीतरी सांगितलं म्हणून ती अनवाणी मायंबाच्या डोंगरावर गेली, मच्छिंद्रनाथाच्या पुढ्यात. नाथ स्वतः माशाच्या पोटी जन्मलेले. तिनं पदर पसरला आणि नवस बोलली: मुलगा जगू दे, त्याला तुझंच नाव ठेवीन, मासा तोंडाला लावणार नाही, आणि माझ्या डोळ्यांपुढे मासा तडफडला तर त्याला पाणी दिल्याशिवाय जागची हलणार नाही.

मुलगा जगला. आणि ती शब्दाला जागली. उन्हाळ्यात गावचं तळं आटलं, की डबक्यात अडकलेल्या मासोळ्या हंड्यात घालून ती विहिरीत सोडायची. नेवाशाला बहिणीकडे गेली, तेव्हा प्रवरेच्या काठी एका कोळ्याची पाटी दिसली. त्यातले तीन मासे अजून हलत होते. ते विकत घेऊन तिनं परत नदीत टाकले, आणि कोळी बराच वेळ तोंडावर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिला. गावानं तिला 'मासोळीबाई' म्हणून चिडवलं. तिनं ते मनावर घेतलं नाही. मुलगा अंगापिंडानं भरत होता, मग लोक काय म्हणतात याची कोण फिकीर करतो?

इतक्या वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. आणि चुकली ती नेमकी आता, मुलगा सरहद्दीवर असताना. मासे तडफडले, आणि ती गाणं संपेपर्यंत बसून राहिली. नंतर चालत घरी आली.

"चित्रातलं हाय ते," गहिनीनाथ म्हणाला. तो घोंगडीत पाय पोटाशी घेऊन बसला होता. "उद्या पडद्यावर आग लागली, तर बंब घिऊन जाशील का इझवाया?"

"चित्रातलं हाय, त्ये मला बी कळतं," मनकर्णा म्हणाली. "पन नवस बोलताना म्या 'चित्रातलं सोडून' आसं म्हनले नव्हते."

"येडी हायस. झोप."

तो कुशीवर वळला. झोप त्यालाही नव्हती. रोज दुपारी तंबाखू आणायच्या निमित्तानं तो पोस्टाच्या ओट्यावर जाऊन बसायचा. घरात तंबाखूच्या पुड्या साठल्या होत्या आणि तो मोजकीच खायचा. मनकर्णाला हे ठाऊक होतं. ती त्यावर काही बोलत नसे. दोघांनी मुलाचं नाव काढायचं नाही, असं न ठरवताच ठरलं होतं.

सकाळी ती बाजारतळावर गेली. तंबूच्या मागे मशीन चालवणारा योसेफ फिल्मच्या पट्टीचा तुटका तुकडा जोडत बसला होता. नगरचा माणूस, ख्रिस्ती, बोलायला मऊ. त्यानं तिला ओळखलं.

"काल पाणी टाका म्हणून ओरडल्या त्या तुम्हीच ना, मावशी?"

"व्हय. त्या माशांचं म्होरं काय झालं, त्ये इचाराया आले."

योसेफ हसणार होता. तिच्याकडे बघून त्यानं हसू गिळलं.

"मावशी, हे मुंबईत काढलेलं चित्र. वर्ष होऊन गेलं असंल त्याला. जगले असले तर तेव्हाच जगले, मेले असले तर तेव्हाच मेले."

"तुमाला काय वाटतं?"

"उचलून बादलीत टाकले असतील की. महागाचे मासे असतात ते."

"बादली बगितली तुमी?"

त्याला थाप मारणं सोपं होतं. पण त्याला जमलं नाही. "नाही बघितली," तो म्हणाला. "मी रोज पेटी फुटताना बघतो, तेवढंच. आधी वाईट वाटायचं. आता तेवढा तुकडा आला, की मी मान फिरवतो आणि मशीनला तेल घालतो."

"रोज फुटती?"

"रोज. इथं फुटते, आणि दुसरीकडं बी फुटते. ह्या चित्राच्या लई पट्ट्या असतात, मावशी. नगरला थेटरात हेच चाललंय, पुण्याला चाललंय, सोलापूरला चाललंय. आपण इथं बोलतोय तोवर कुठंतरी फुटली बी असंल."

मनकर्णा खाली बसली. तिनं सोलापूर पाहिलं नव्हतं, पण सोलापूरच्या गालिच्यावर उताणे पडलेले मासे तिला स्पष्ट दिसले. मग तिनं स्वतःला सावरलं. आपला नवस आपल्या डोळ्यांपुरता आहे. सोलापूरचं सोलापूरवाले बघतील. आपल्या डोळ्यांपुढे तिसगावात जे पडले, तेवढ्यांचं देणं आपल्याकडे लागतं.

"टाकी किती दिस हाय आजून?"

"आज शेवटचा खेळ. उद्या पाथर्डीला तंबू." योसेफनं पट्टी डब्यात ठेवली आणि पडद्याकडे मान केली. "तो पडदा म्हणजे कापडच आहे. लई धूळ बसते त्याच्यावर. दुपारी आम्हीच त्याला पाणी मारतो. म्हणजे पाण्यानं त्याला काही होत नाही." एवढं बोलून तो घाईघाईनं म्हणाला, "मालकाला मी असं सांगितलं म्हणू नका."

दिवसभर तिच्या हाताला काम सुचेना. भाकरी करपली. शेळीनं निवडलेली ज्वारी खाल्ली. भर खेळात, गावादेखत, बाईमाणसानं उठून पडद्याला पाणी मारायचं! वर्षभर पुरेल एवढी चेष्टा होईल. गहिनीनाथ तर घरात घेणार नाही. आणि नाही मारलं तर? ह्या 'नाही मारलं तर'पाशी आली, की तिला गालिचा दिसायचा, आणि गालिच्यावर मासे नसायचे, दुसरंच कोणी पडलेलं असायचं. मग ती उठून उगीच अंगण झाडायची.

दुपारी सायकल गेली. थांबली नाही. गहिनीनाथ पोस्टावरून नेहमीपेक्षा उशिरा आला, आणि आला तो भिंतीकडे तोंड करून पडला. जेवायला हाक मारली तर म्हणाला, भूक नाही. त्याचा रंग काही ठीक नव्हता. पण मनकर्णा स्वतःच्याच घोरात होती, तिनं विचारलं नाही. दिवे लागायच्या वेळेला तो उठून कुठेतरी गेला, हे तिला बरंच वाटलं. तिनं तांब्या भरला आणि पदराखाली घेतला.

"तांब्या कशाला?" छबूबाईनं विचारलं.

"ठसका लागतो मला."

बायकांच्या बाजूला मागंच जागा मिळाली. मध्ये दोर, पलीकडे पुरुष. शेवटचा खेळ म्हणून तंबू गच्च भरला होता. पडद्यापर्यंत जायचं, तर पोरंबाळं, सपाता, निजलेली तान्ही हे सगळं ओलांडून जायला हवं. हे तिनं धरलंच नव्हतं. ती मनातल्या मनात वाट आखू लागली: त्या जरीच्या लुगड्याच्या उजवीकडून, मग त्या म्हातारीच्या मागून. खेळ सुरू झाला. काल ज्या गाण्याला ती हसली होती, ते गाणं आज संपता संपेना. आणि संपल्यावर वाटलं, इतक्या लवकर का संपलं? मग रेशमी झगा आला. चिमटीनं दाणे पडले. मासे वर आले आणि काचेला तोंड लावून जणू तिच्याकडेच बघू लागले. तिनं तांब्या पदराखालून काढून दोन्ही हातांत धरला.

नायकानं खुर्ची उचलली.

मनकर्णा उठली. काच फुटली. पाणी पसरलं, मासे पडले. तिनं पाऊल टाकलं, ते छबूबाईच्या लुगड्यात अडकलं, आणि ती गुडघ्यावर आपटली. तांब्या हातातून सुटला. पाणी मातीत गेलं, सगळंच्या सगळं, आणि मातीनं ते तिच्यादेखत पिऊन टाकलं.

तिनं रिकामा तांब्या उचलून छातीशी धरला. पडद्यावर तोंडं उघडत होती, मिटत होती. आता बूट येणार आणि मग गच्ची. "नाथबाबा," ती म्हणाली. पुढं काय म्हणणार? सगळं बोलून तर केव्हाच झालं होतं.

तेवढ्यात पुरुषांच्या बाजूला, अगदी पुढे, एक माणूस उठला. पडद्याच्या उजेडात त्याचं मुंडासं काळं दिसलं आणि खांद्यावर घागर दिसली. "आरं खाली बस!" मागून ओरडा झाला. तो बसला नाही. वाकडी पावलं टाकत तो थेट पडद्यापाशी गेला, घागर दोन्ही हातांनी उचलली, आणि गालिच्यावर, माशांवर, नायकाच्या बुटावर त्यानं पाणी ओतलं. निम्मी घागर एकदम, उरलेली सावकाश, कडेला पडलेल्या माशावरसुद्धा.

त्या वाकड्या पावलांमागं मनकर्णानं उभा जन्म काढला होता. तिला तोंड बघायची गरज नव्हती.

तंबूत गिल्ला झाला. टाकीचा मालक राधाकृष्ण हातात बॅटरी घेऊन धावत आला. "कोण रे तो? पडद्याचं वाटोळं केलंस!" त्यानं बॅटरीचा झोत त्या माणसाच्या तोंडावर मारला. तोंड गहिनीनाथाचं. भिजलेल्या बाह्या, हातात रिकामी घागर, आणि ओठ असे घट्ट मिटलेले, की मारलं तरी उघडणार नाहीत. पुढे बसलेल्या कोणीतरी हळूच सांगितलं, "मच्छिंद्राचा बाप हाय त्यो." ते बाकीच्यांनी ऐकलं. हसणारे हसायचे थांबले, शिट्टीसाठी तोंडात बोटं घातलेल्यानं ती काढून घेतली. ह्या घरी पत्र आलेलं नाही, हे त्या तंबूत ठाऊक नसलेला एकजणही नव्हता.

राधाकृष्णानं बॅटरी विझवली. "घरी जा, बाबा," तो म्हणाला. ओल्या पडद्यावर मारामारी गच्चीवर गेली होती.

मनकर्णानं त्याला तंबूच्या दाराशी गाठलं. दोघं चांदण्यात घराकडे निघाली.

"कालपत्तुर मला येडी म्हनत हुता," ती म्हणाली. तिला रडू येत होतं आणि ते तिला त्याला दाखवायचं नव्हतं.

"आज पोष्टात तार आली," गहिनीनाथ म्हणाला.

तिचे पाय जागीच थांबले.

"आपली न्हाई. चाल तू. रंगनाथ वाण्याची हुती, त्याची आत्या वारली." त्यानं घागर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "पन पोष्टमास्तरनं आदी त्यो कागद हातात घेतला, माज्याकडं बगितलं, आन चष्मा पुसाया लागला. त्यो चष्मा पुसत हुता तवर म्या बोललो."

"काय बोललात?"

"बोललो, नाथबाबा, ही तार माजी नसू दे. त्या पेटीतला एक बी मासा म्या बिनपान्याचा मरू देनार न्हाई." त्यानं ओल्या बाहीनं तोंड पुसलं. "आन मास्तरनं चष्मा लावला, आन म्हनला, रंगनाथाची हाय. लगोलग ऐकलं गं त्यानं. उभ्या उभ्या ऐकलं."

मनकर्णाला नवसाची सवय होती. तिला आधी गहिवर आला, आणि मग त्यातली खोट दिसली.

"'माज्या डोळ्यांम्होरं' आसं म्हनलात का तुमी?"

"न्हाई."

"'तिसगावात' म्हनलात?"

"न्हाई सुचलं. मास्तर चष्मा पुसत हुता म्हनलं ना!"

"आसा कुनी नवस बोलतं व्हय? मोजूनमापून बोलावं मानसानं."

"म्या काय रोज बोलतो का नवस?" तो चिडून म्हणाला आणि चालायचा थांबला. चांदण्यात त्याचा चेहरा तिला दिसला. इतक्या वर्षांत तो तिला असा कधी दिसला नव्हता. मुलं गेली तेव्हासुद्धा नाही. "टाकी उद्या पाथर्डीला चालली," तो म्हणाला. "तितं बी फुटंल का गं ती पेटी?"

मनकर्णानं तोंड उघडलं. नगर तिच्या जिभेवर आलं, पुणं आलं, सोलापूर आलं. खांद्यावरची घागर थरथरत होती, आणि ती रिकामी होती.

"फुटंल की," ती म्हणाली. "पन तेवढी एकच. त्या शिणेमाची पट्टी एकच असती, दुसरी नसती. मशीनवाल्यानंच सांगितलं मला."

गहिनीनाथानं श्वास सोडला. त्याचा जीव भांड्यात पडला. "मग पाथर्डीला जाऊ," तो म्हणाला. "सकाळच्या यस्टीनं."

"जाऊ. घागर म्या धरते मांडीवर. तुमच्या हातानं हिंदकळंल."

तो पुढे चालू लागला. नगरात आता रात्रीचा दुसरा खेळ सुरू झाला असेल आणि तिथंही ती पेटी फुटणार, हे तिच्या मनात आलंच. तिनं पदर सावरला, भराभर पावलं उचलली आणि त्याच्या बरोबरीनं चालायला लागली.